मोजे घालणारी राणी

"ताई, रोज तोच सिनेमा. अख्खा पाठ झालाय, तरी तोच लाव म्हणते." बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पहिल्या तीन शब्दांनंतर पुढचं मला सांगता येतं. बहुतेक वेळा माझं उत्तर एवढंच असतं, बघू द्या. लहान मुलांना पुढं काय होणार हे ठाऊक असण्यातच आधार वाटतो. आपणही रोज तीच आरती म्हणतो, आज नवी का नाही असं कोणी विचारत नाही.

सहा वर्षांच्या इराच्या (नाव बदललंय) आईलाही मी हेच सांगितलं. सिनेमा 'फ्रोझन', जिच्या हातातून बर्फ निघतो अशा एल्सा राणीचा. बघायची वेळ ठरवून द्या म्हटलं आणि मोकळी झाले. दारात चपला घालताना ती म्हणाली, "आणि माझे अ‍ॅक्टिव्हाचे मोजे घालून बसते. कोपरापर्यंतचे. जेवतानासुद्धा काढत नाही." राणी व्हायची हौस असेल, असं मलाही वाटलं. ती माझी चूक.

मोजे महिनाभर उतरले नाहीत, तेव्हा मी इराला बोलावलं. दोन भेटी नुसत्या चित्रं काढण्यात गेल्या. तिसऱ्या भेटीत म्हटलं, मला गोष्ट सांग.

"राणी मोजे का घालते गं?"

"तिचा हात वाईट आहे. लागतो."

"कोणाला लागला?"

"बहिणीला. खेळताना. मग पप्पांनी मोजे दिले."

"काढते कधी?"

"डोंगरावर. तिथं कोणी नसतं ना, मावशी."

मी खडू खाली ठेवला. त्या डोंगरावरच्या 'लेट इट गो' गाण्याला 2014 मध्ये ऑस्कर मिळालं, वाढदिवसाच्या पार्ट्यांत पोरी हात पसरून ते गातात. मीही ते बंधनं झुगारण्याचं गाणं म्हणूनच ऐकत आले होते. या मुलीनं त्यात वेगळंच पाहिलं होतं. राणी मोकळेपणानं गाते, कारण तिच्या हातानं दुखावलं जाईल असं तिथं कोणीच नाही. इतकी वर्षं मुलांच्या गोष्टी ऐकतेय, पण त्या संध्याकाळी घरी जाताना सूरसागर तलावाला उगाच दोन फेऱ्या मारल्या.

पुढचं मी इराला विचारलं नाही. मुलांकडून कबुली काढून घेणं मला कधीच पटलेलं नाही. आईला विचारलं, घरात कोणाला लागलं होतं का? तिला आठवलं. दिवाळीत इरानं झोपाळ्याला जोरात झोका दिला, धाकटा पडला, भुवईवर तीन टाके. आजी घाबरून ओरडल्या, "हात लावू नकोस त्याला पुन्हा!" टाके सुकले, सगळे विसरले. हुकूम तेवढा मागे घ्यायचा राहून गेला.

आजींना बोलवायला आई कचरत होती. मी आग्रह धरला, आणि तो धरला याचं मला आजही बरं वाटतं. आजी आल्या त्या तयारीनंच. "मी काय मनापासून बोलले होते का?" मी वाद घातला नाही, सिनेमा कसा घडला ते सांगितलं. ज्या कथेवरून तो सुचला, त्या हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या 1844 च्या कथेतली हिमराणी मुलाला पळवून नेते. सिनेमावाल्यांनीही आधी एल्साला खलनायिकाच करायचं ठरवलं होतं. मग रॉबर्ट लोपेझ आणि क्रिस्टन अँडरसन-लोपेझ या नवरा-बायकोनं ते गाणं रचलं. ते ऐकल्यावर तिला दुष्ट ठेवणं जमेना, गोष्टच बदलावी लागली.

आजी जरा गप्प राहिल्या. "म्हणजे पोर चांगलीच होती. लिहिणाऱ्यांना उशिरा कळलं."

याहून नेमकं मला सुचलं नसतं. त्या आठवड्यात आजी नातवाला मांडीत घेऊन झोपाळ्यावर बसल्या आणि इराला म्हणाल्या, "तू झोका दे. दोन्ही हातांनी." मोज्यातून फळी निसटायला लागली, तेव्हा इरानं ते स्वतःच काढले.

भावनगरला 1920 मध्ये बालमंदिर सुरू करणाऱ्या गिजुभाई बधेकांच्या वाटेवरची मी. गोष्टीवर माझा औषधापेक्षा जास्त विश्वास आहे, असं सहकारी चिडवतात. चिडवू देत. पालकांना मात्र सांगते, सिनेमा कितव्यांदा चाललाय ते मोजू नका. एकदा शेजारी बसा. मूल कुठं मागे नेऊन पुन्हा बघतं, कुठं उशीत तोंड लपवतं ते बघा. "यातून काय शिकलीस?" हा प्रश्न तर विचारूच नका, गोष्ट तिथंच मरते. "मग काय झालं?" एवढं पुरतं. दर वेळी गाठ सापडेलच असं नाही, पुष्कळ मुलांना नुसता बर्फातला बोलका बाहुला आवडतो. पण सिनेमाच्या जोडीला झोप, जेवण किंवा खेळ बदलला असेल, मूल कोणाला टाळत असेल, तर थांबू नका, कोणाला तरी दाखवा.

इराच्या घरी सिनेमा अजून लागतो, अधूनमधून. मोजे धाकट्यानं पळवलेत, तो ते पायात घालून फिरतो. मे महिन्याच्या उन्हात अ‍ॅक्टिव्हा चालवताना हात भाजतात, ही आईची ताजी तक्रार.