व्हिल्नियसला जाताय? घरातल्या वस्तूंचे शब्द कुठून आले ते आधी बघा

तुम्ही विचारलंत की लिथुआनियन संस्कृतला इतकी जवळची, तर मराठी माणसाला लिथुआनियाच्या राजधानीत, व्हिल्नियसमध्ये, घर लावताना शब्द आपसूक कळतील का, आणि पुढे शेजारच्या लाटवियात, रिगाला बदली झाली तर तेच चालतील का. थोडे कळतील, पण दुकानात लागणारे फारसे नाहीत.

नातं खरंच आहे, पण ते जुन्या गोष्टींपुरतं. दार म्हणजे दुरीस, मध म्हणजे मेदुस, विस्तव म्हणजे उग्निस. रोजचा पाव, दुओना, हा संस्कृत 'धाना'चा, म्हणजे धान्याच्या दाण्यांचा, सोयरा. जेवणाचा काटा शकुते: शाका म्हणजे फांदी, आपली शाखाच, आणि शकुते हे तिचं छोटं रूप. गडबड होते ती 'दुरीस'पाशी. हा शब्द कायम अनेकवचनी, म्हणून दारं मोजायला नेहमीचे अंक चालत नाहीत. एक दार म्हणजे विएनेर्योस दुरीस, दोन म्हणजे द्वेयोस दुरीस.

घरातल्या बऱ्याच वस्तूंची नावं मात्र क्रियापदांपासून घडवलेली आहेत, आणि खरी मेहनत तिथेच घ्या. शाल्दीति म्हणजे गार करणं, त्यावरून शाल्दीतुवस, फ्रिज. लीगिन्ति म्हणजे सपाट करणं, म्हणून लीगिन्तुवस, इस्त्री. अनोळखी शब्दाच्या शेवटी -तुवस दिसलं की ते काढून -ति लावा आणि ते क्रियापद शब्दकोशात शोधा. बहुतेक वेळा वस्तूचं काम कळतं. शेवट -तुवे असेल तर ती जागाही असू शकते: विर्ति म्हणजे उकळणं, विर्तुवे म्हणजे स्वयंपाकघर. जोडशब्दही असेच सरळ आहेत. रांका (हात) आणि श्लुओस्तीति (पुसणं) मिळून रांकश्लुओस्तिस, टॉवेल. लाइकस (वेळ) आणि रोदीति (दाखवणं) मिळून लाइकरोदिस, घड्याळ.

रिगाला यातलं बरंचसं उपयोगी पडणार नाही. ते शहर 1201 मध्ये जर्मन बिशप आल्बर्टने वसवलं, आणि पुढची कित्येक शतकं व्यापार नि जमीनदारी जर्मनांच्या हातात राहिली. त्यामुळे लाटवियनमधला टॉवेल द्विएलिस, आरसा स्पुओगुलिस, कपाट स्कापिस, पँट बिक्सेस, हे सगळे खालच्या जर्मनमधून, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या जर्मन बोलींमधून, आलेले. साबण लिथुआनियात मुइलस, स्लाव्ह भाषांकडून घेतलेला. लाटवियात झिएपेस, पुन्हा जर्मन. पोलंडशी दीर्घकाळ एकत्र राहिलेल्या लिथुआनियात चहा 'अर्बाता', पोलिश 'हेर्बाता'वरून. लाटवियात तो तेया. घराचा लाटवियन शब्द माया तर बाल्टिकही (लिथुआनियन-लाटवियनच्या कुळातलाही) नाही, जर्मनही नाही. तो एस्टोनियनसारख्या फिनिक शेजाऱ्यांचा.

सारखे वाटणारे शब्द इथे जास्त फसवतात. लिथुआनियन केदे म्हणजे खुर्ची, लाटवियन क्येदे म्हणजे साखळी. रिगात खुर्ची हवी असेल तर क्रॅस्ल्स म्हणा. लिथुआनियात त्याचाच भाऊ क्रेस्लस आहे, पण तो मागितलात तर आरामखुर्ची दाखवतील.