हॉलमधल्या पीसीची घरघर थांबवायला किती पैसे घालावेत?

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. मी आणि पत्नी दोघंही नोकरी करतो, मिळून ९२,००० रुपये हातात येतात. गृहकर्जाचा हप्ता २९,००० आहे. तो धरून महिन्याचा खर्च ६८,००० च्या घरात जातो, शिवाय १५,००० ची एसआयपी. बचत खातं आणि एफडी मिळून १,४०,००० आहेत. मुलगी बारावीला आहे. २०१६ मध्ये मी टीव्हीखाली बसेल असा चपटा पीसी असेंबल करून घेतला : आय-५ ६५०० प्रोसेसर, २ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. वडिलांनी जमवलेल्या नाट्यसंगीताच्या आणि मैफलींच्या कॅसेटी आणि घरातल्या लग्नांचं चित्रीकरण मी त्यात उतरवून घेतलं आहे. तो रात्रंदिवस चालू असतो. वडील रोज संध्याकाळी ऐकायला बसतात आणि आता पंख्याचा आवाज इतका वाढलाय की संथ आलापी त्यात बुडून जाते. दुकानदार म्हणतो, ३७ मिमी उंचीचा नॉक्टुआचा कूलर ५,४०० ला आणि दोन शांत पंखे ३,००० ला, असे ८,४०० घाला. नाहीतर बिनपंख्याच्या कॅबिनेटमधला नवा संच ४२,००० ला घ्या, बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर. रोख दिले तर दीड हजार कमी. काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नमस्कार. आधी निकाल सांगतो. ४२,००० चा संच आत्ता घेऊ नका. ८,४०० सुद्धा लगेच घालू नका. या महिन्यात पैसे घालायचेच असतील तर ते तिसऱ्याच एका गोष्टीवर घाला. ती तुम्ही विचारलेली नाही, पण मला तीच सर्वांत तातडीची वाटते. तिच्याकडे शेवटी येतो.

‘पीसी काढून टाका, टीव्हीवरच ऐका’ असं मी सांगणार नाही. वडिलांचं रोजचं ऐकणं हा तुमच्या घरातला खरा खर्च आहे आणि त्यासाठी पैसे काढून ठेवणं मला पूर्ण योग्य वाटतं. फक्त ते पैसे आवाजाच्या मुळावर पडायला हवेत.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली. गाणं वाजवायला प्रोसेसरला जवळपास काहीच काम नसतं. मग गाणं चालू असताना पंखा एवढा का ओरडतो? फोरके चित्रपट चालू असता तर समजलं असतं. तुमच्यासारख्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरला १०-बिट एचईव्हीसी प्रकारचं चित्रण पूर्णपणे हार्डवेअरवर उलगडता येत नाही, ते सातव्या पिढीपासून आलं. त्यामुळे अशा फायलींना तो तापणारच. पण कॅसेटवरून उतरवलेलं नाट्यगीत वाजताना तो तापत असेल तर कारण दुसरंच आहे. धूळ असेल, वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) असेल, पंख्याचं बेअरिंग गेलं असेल किंवा मागे एखादा प्रोग्रॅम उगाच धावत असेल. टास्क मॅनेजर उघडून बघा. गाणं चालू असताना प्रोसेसर तीस-चाळीस टक्क्यांवर दिसत असेल तर आधी तो प्रोग्रॅम शोधा. याला रुपयाही लागत नाही.

मग आवाज नीट ऐका. रात्री घर शांत झालं की कॅबिनेटचं झाकण काढून शेजारी बसा. वाऱ्यासारखा सूंऽऽ असा आवाज, जो काम वाढलं की चढतो आणि कमी झालं की उतरतो, तो उष्णतेचा. थंड पीसी चालू केल्या केल्या खरखर किंवा घरघर सुरू होत असेल तर तो बेअरिंगचा. एकसुरी, खालच्या पट्टीतली गुणगुण असेल तर ती बहुधा हार्ड डिस्कची. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते आणि तिची थरथर लाकडी टीव्ही युनिटमध्ये उतरली की सगळं फर्निचरच बोलायला लागतं. तिच्यावर ५,४०० चा कूलर कितीही उत्तम असला तरी काही करणार नाही. शंभर-दीडशे रुपयांचे रबरी वॉशर आणि पाय करतील. आणि एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, विसरू नका. चपट्या कॅबिनेटमधल्या एसएमपीएसला पुष्कळदा छोटासा पंखा असतो. पंखा जितका लहान तितका तो जोरात फिरावा लागतो आणि तितकाच कर्कश वाजतो. मी पाहिलेल्या अशा पीसींत खरा दोषी बऱ्याचदा तोच निघाला आणि तोवर प्रोसेसरवरच्या कूलरवर पैसे जाऊन बसले होते.

संशय प्रोसेसरच्या पंख्यावर असेल तर तो चालू असताना मधल्या गोल भागावर पेन्सिलीच्या मागचं खोडरबर अलगद टेकवून दोन-तीन सेकंद थांबवा. आवाज गेला तर चोर सापडला. एसएमपीएस मात्र उघडू नका, बंद केल्यावरही आत वीज साठून राहते.

२०१६ पासून जर कूलर एकदाही काढलेला नसेल तर पंख्याखाली हीटसिंकच्या (उष्णता शोषून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर धुळीची जाड गादी बसलेली दिसेल. वरून फुंकर मारून ती जात नाही. पंखा सोडवून ब्रशने काढावी लागते. ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग बिघडतं. जुनी पेस्ट पुसून नवी लावायची. पेस्टची ट्यूब तीन-चारशेची, दुकानात करून घेतलं तर मजुरी धरून हजाराच्या आत व्हावं. त्याच फेरीत बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) पंख्याचा वेग तापमानाप्रमाणे हळूहळू चढेल असा लावून घ्या. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा, म्हणजे टर्बो (गरजेला आपोआप वेग वाढवणं) बंद होतो. ३.६ ऐवजी ३.२ गिगाहर्ट्झवर गाणी तितकीच छान वाजतात आणि उष्णता कमी होते.

एवढं करूनही प्रोसेसरचाच पंखा वाजत राहिला तर कूलरचा विचार करा. दुकानदाराने सुचवलेली वस्तू चांगली आहे, त्याबद्दल शंका नको. ऑस्ट्रियाच्या या कंपनीची सहा वर्षांची वॉरंटी असते, म्हणून पक्कं जीएसटी बिल घ्या. कूलरसोबत वेग कमी करणारी एक छोटी वायर येते. ती लावली की पंख्याचा कमाल वेग २५०० वरून १८०० फेऱ्यांवर येतो आणि कंपनीच्या आकड्यांप्रमाणे आवाज २३.६ वरून १४.८ डेसिबलवर. पण थर्मलराइटचा ४७ मिमीचा एएक्सपी९०-एक्स४७ याहून स्वस्तात मिळतो. तुमच्या कॅबिनेटमध्ये तो बसत असेल तर जास्तीचे पैसे फक्त कमी उंचीसाठी मोजण्यात अर्थ नाही. म्हणून आधी मोजा : प्रोसेसरच्या पृष्ठभागापासून झाकणाच्या आतल्या बाजूपर्यंत किती मिमी जागा आहे? आणि कूलर जेमतेम बसला म्हणजे भागलं असं नाही. पंखा बंद झाकणाला चिकटून असेल तर त्याला हवाच मिळत नाही आणि महागडा पंखाही शीळ घालतो. वर जाळी हवी आणि जाळीखाली थोडी मोकळी जागा.

चाचणी मे महिन्यात करा. कूलर खोलीतल्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असताना शांत वाटलेला पीसी मेमध्ये खोली ३८ वर गेली की सोळा अंश वरूनच सुरुवात करतो.

आता पैशांचं गणित. इथे ‘किती लागतील’ यापेक्षा ‘किती वर्षांसाठी’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. तुमच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, त्यासाठी इंटेलची आठवी पिढी लागते. विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे या पीसीचं उरलेलं आयुष्य मी फार तर तीन वर्षं धरतो. आणि कृपा करून आजपासून त्याच्यावर नेटबँकिंग, म्युच्युअल फंडाची खाती, आयकराचं पोर्टल यांपैकी काहीही उघडू नका. गाण्यांसाठी ठेवा. पुढे-मागे त्यावर विंडोजऐवजी लिब्रइलेक ही फक्त गाणी-चित्रपटांसाठीची प्रणाली फुकट टाकता येईल.

८,४०० तीन वर्षांवर पसरले तर वर्षाला २,८०० झाले. वीज वेगळी. असा पीसी नुसता चालू असताना ३० वॉटच्या आसपास घेतो असं धरलं, तर चोवीस तासांच्या हिशेबाने वर्षाला २६३ युनिट होतात. महावितरणचा दर टप्प्यांचा असल्याने हे जादा युनिट वरच्या टप्प्यात पडतात. युनिटला १० रुपये धरतो, म्हणजे २,६३०. एकूण वर्षाला ५,४३०. ४२,००० चा संच आठ वर्षं टिकला तरी त्याचे वर्षाला ५,२५० आणि वर वीज. तुम्ही न विचारलेला एक पर्याय आहे : इंटेल एन१०० च्या जातीचा, बिनपंख्याचा छोटा मिनी पीसी. त्या प्रोसेसरची मर्यादाच ६ वॉटची आहे आणि तो एव्ही१ हा नवा व्हिडिओ प्रकार सुद्धा हार्डवेअरवर उलगडतो. १९,००० किंमत, सहा वर्षं आयुष्य आणि १० वॉट वापर धरला तर वर्षाला साधारण ४,०४० पडतात. म्हणजे जुन्या पीसीत महाग कूलर घालण्यापेक्षा वर्षाच्या हिशेबाने तो स्वस्त. फक्त ‘मिनी’ म्हणून छोट्या पंख्याचा घेऊ नका, त्याची किणकिण आत्तापेक्षा जास्त त्रास देईल. आणि बिनपंख्याचा पीसी बंद कपाटात कोंडू नका.

पण आज सर्वांत स्वस्त आहे ते हेच : हजार रुपयांची साफसफाई आणि रात्रंदिवस चालू ठेवण्याची सवय मोडणं. वापराचे सहा तास सोडून पीसी स्लीपवर गेला तर २६३ युनिटचे ६६-७० होतात. वर्षाला एकोणीसशेच्या आसपास वाचतात, साफसफाईचे पैसे सहा-सात महिन्यांत वसूल.

नो-कॉस्ट ईएमआयबद्दल दोन शब्द. व्याज कुठेही जात नाही. तेवढी सूट आधी दाखवून ते हप्त्यात बसवलेलं असतं. १५ टक्के दर धरला तर ३,५०० च्या बारा हप्त्यांत सुमारे ३,२२० रुपये व्याज आहे. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो तो तुमच्याच खिशातून, सुमारे ५८०. प्रोसेसिंग फी १९९ असली तर करासह २३५. आणि रोखीचे दीड हजार गेले ते वेगळेच. म्हणजे ‘नो-कॉस्ट’ची किंमत २,३०० च्या पुढे जाते.

त्याहून मोठी अडचण हप्त्याच्या वेळेची आहे. सगळं वजा जाता तुमच्याकडे महिन्याला ९,००० उरतात. त्यातले ३,५०० म्हणजे जवळजवळ चाळीस टक्के वर्षभरासाठी अडकतील आणि मध्येच मुलीच्या प्रवेशाचे दिवस येतील. फी, क्लासची बाकी, कदाचित दुसऱ्या गावचं हॉस्टेल, डिपॉझिट. राखीव रक्कम आज दोन महिन्यांच्या खर्चाला जेमतेम पुरते. घरात दोन पगार आहेत म्हणून सहा महिन्यांचा आग्रह मी धरत नाही, पण चार महिन्यांचे २,७२,००० हवेतच. त्यात १,३२,००० कमी आहेत. एसआयपी चालू ठेवा. उरणाऱ्या ९,००० पैकी ७,५०० राखीव रकमेत टाका आणि १,५०० ची बारा महिन्यांची आरडी फक्त या पीसीच्या नावाने सुरू करा. वर्षाने १८,००० आणि वर थोडं व्याज हातात येईल, प्रवेशाची धावपळ संपलेली असेल आणि त्यात थोडीशी भर घालून मिनी पीसी रोखीने घेता येईल. आधीच्या पायऱ्या करूनही वडिलांना त्रास होतच असेल, तर तोवरच्या काळासाठी स्वस्तातला कूलर, तीन हजारांच्या आत. त्यापुढे या पीसीत पैसे घालू नका.

आता ती तातडीची गोष्ट. तुमच्या पत्रात गाण्यांच्या आणि लग्नांच्या चित्रणाच्या दुसऱ्या प्रतीचा उल्लेख कुठेच नाही. २०१६ पासून रात्रंदिवस फिरणारी डिस्क, नऊ वर्षं धरली तरी ७८,००० तासांहून जास्त झाले. ती बंद पडायला आता कारण लागणार नाही. पीसी नवा मिळेल, कूलर मिळेल, पण घरगुती मैफलीचं ध्वनिमुद्रण बाजारात मिळत नाही, आणि कॅसेटची टेप दरवर्षी खराब होत जाते, त्यामुळे पुन्हा उतरवून घेण्याचा भरवसा धरू नका. या महिन्याच्या ९,००० मधून २ टीबीची पोर्टेबल डिस्क घ्या, सहा-सात हजार जातील. आरडी आणि राखीव रकमेची भर पुढच्या महिन्यापासून सुरू झाली तरी चालेल.

साफसफाईला पीसी उघडण्याआधी प्रत करा, नंतर नाही. धुळीच्या निमित्ताने पीसी हलवला, डिस्कची वायर काढून पुन्हा लावली आणि म्हातारी डिस्क परत उठलीच नाही, असं होतं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. त्यात ‘कॉशन’ दिसलं तर आधी वडिलांच्या कॅसेटींचा फोल्डर घ्या, चित्रपट राहिले तरी चालतील. प्रत झाली की त्यातल्या पाच-सहा फायली मधूनच उघडून शेवटपर्यंत वाजतात का ते तपासा. मग ती डिस्क पीसीला जोडून ठेवू नका, तुमच्या घरातही ठेवू नका. बहिणीकडे, भावाकडे, जिथे विश्वास असेल तिथे द्या आणि नवीन काही उतरवलं की दर दिवाळीला आणून त्यात भर घाला.