रोममधून अर्ध्या दिवसात ओस्तिया अँतिका, म्हणजे रोमच्या जुन्या बंदराचे अवशेष, बघून होईल का? सोबत सत्तरीतले आई-बाबा आहेत आणि हातात चारच दिवस. की सरळ पॉम्पेईला जावं?

होईल, पण अर्धा दिवस म्हणजे सकाळी आठला रोममधून निघून दुपारी दोन-अडीचला परत, असं धरा. जेवणानंतर जाऊ म्हणाल तर उन्हाळ्यात तापलेल्या दगडांवरून फिरावं लागेल आणि हिवाळ्यात पाहता पाहता दरवाजे बंद होतील. आई-बाबांचे गुडघे आणि हातातले चार दिवस पाहता मी ओस्तियाच सुचवेन. पॉम्पेईला जाऊन-येऊन आख्खा दिवस जातो.

पण ओस्तिया म्हणजे छोटं पॉम्पेई समजून जाऊ नका, नाहीतर हिरमोड होईल. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली एकदम गाडलं गेलं, म्हणून तिथे घरंदाज वाडे आणि रंगीत भिंती टिकल्या. ओस्तिया हे टायबर नदीच्या मुखावरचं रोमचं बंदर. ते कोणी गाडलं नाही. बंदराचं काम हळूहळू दुसरीकडे गेलं, नदीच्या गाळाने समुद्र मागे सरकत गेला (आज तो तीनेक किलोमीटर लांब आहे) आणि लोक निघून गेले. जाताना सामान घेऊन गेले, पुढे शेकडो वर्षं संगमरवरही उचलला गेला. उरल्या त्या विटांच्या तीन-चार मजली भाड्याच्या चाळी, गोदामं, भटारखाने, खाणावळी. रोममधली बहुतेक जनता अशाच चाळींत राहायची, पण तिथे त्यांच्यावर आजचं शहर उभं आहे. कष्टकऱ्यांचं रोम बघायचं तर इथेच यावं लागतं.

जाण्याचं सोपं आहे. मेट्रोच्या 'बी' लाइनने पिरामिदे स्टेशनला उतरा. त्याला लागूनच पोर्ता सान पाओलो हे वेगळं स्टेशन आहे, तिथून समुद्राकडे जाणारी लोकल सुटते. पूर्वी तिला रोमा-लिदो म्हणत, आता पाट्यांवर मेत्रोमारे दिसेल. अर्ध्या तासाचा प्रवास. रोम शहराचं साधं १०० मिनिटांचं तिकीट चालतं, परतीचंही सकाळीच काढून ठेवा. उतरायचं ते 'ओस्तिया अँतिका'लाच. पुढची 'लिदो' नावाची स्टेशनं समुद्रकिनाऱ्याची आहेत आणि नावातल्या 'ओस्तिया'मुळे लोक हमखास तिथे जाऊन पोचतात. बाहेर आल्यावर मोठा रस्ता ओलांडायला पायऱ्यांचा पादचारी पूल आहे, तिथे बाबांना सावकाश चढू द्या. पुढे सरळ पाच मिनिटांवर फाटक.

दोन गोष्टी आधीच तपासा. सोमवारी बंद असतं. आणि रोममध्ये वाहतुकीचे संप होतात, ते आधी जाहीर होतात. 'शोपेरो' हा इटालियन शब्द दिसला की तो दिवस बदला. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो, पण त्या दिवशी गर्दीही तशीच. आणखी एक: नकाशावर फ्युमिचिनो विमानतळ अगदी शेजारी दिसतो, म्हणून परतीच्या दिवशी बॅगा घेऊन जायचा बेत लोक करतात. ही लोकल विमानतळाला जात नाही, सामान घेऊन अडकाल.

आत गेल्यावर देकुमानुस माक्सिमुस हा मुख्य रस्ता धरायचा. तो एक किलोमीटरहून लांब आहे, आणि सगळं बघायच्या नादात पहिल्या तासातच दमायला होतं. फरसबंदीचे काळे बेसाल्टचे दगड वरून गोलसर झिजलेत, मधल्या फटीत पाय मुरगळतो. चपला-सँडल नकोत, जाड तळव्याचे बूटच हवेत. चाकाची खुर्ची या दगडांवर फार हाल करते. पाण्याच्या बाटल्या आतल्या नळांवर भरता येतात. उन्हाळ्यात डासांचं मलम न्या, जागा नदीकाठची आहे.

पहिला थांबा नेपच्यून या समुद्रदेवाच्या स्नानगृहाचा. उजव्या हाताला छोटा जिना चढून गच्चीवरून बघा, चार समुद्री घोडे हाकणारा नेपच्यून काळ्या-पांढऱ्या मोझेइकमध्ये, म्हणजे दगडी तुकड्यांच्या फरशीचित्रात, अख्खा दिसतो, खालून तो कळत नाही. हिवाळ्यात काही मोझेइक वाळू किंवा कापडाखाली झाकलेली असतात. गारठा आणि शेवाळ्याने दगडाचे चौकोनी तुकडे सुटतात, म्हणून ही काळजी.

मग नाट्यगृह. वरच्या रांगा विसाव्या शतकात पुन्हा बांधल्यात, पण तिथे बसल्यावर रंगमंचामागचा मोठा चौक दिसतो, आणि माझ्या मते ओस्तियात एकच गोष्ट बघायची असेल तर तो हा चौक. तिन्ही बाजूंनी छोट्या खोल्यांची रांग आहे, जहाजवाल्या व्यापाऱ्यांच्या पेढ्याच म्हणा. प्रत्येकीसमोर जमिनीवर मोझेइकची पाटी. लिबियातल्या साब्राथाच्या पेढीसमोर हत्ती आहे. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या जहाजमालकांनी शेवटी 'दे सुओ', म्हणजे स्वखर्चाने, असं लिहून ठेवलंय, आपल्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव असतं तसं. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचंही नाव आहे. तिथे मराठी माणसाने जरा रेंगाळावं. पैठणचे मौल्यवान दगड आणि तगर, म्हणजे आजच्या तेरचं सुती कापड गाड्यांतून भडोचला जायचं, तिथून जहाजाने तांबड्या समुद्राकडे, असं 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासनोंदीत आहे. त्या व्यापाराचं भूमध्य समुद्रावरचं बंदर म्हणजे अलेक्झांड्रिया.

इथून पुढे मान खाली घालून चाला. गंमत उंबरठ्यांत आहे. ज्या दगडी उंबरठ्यावर लांब खाच आणि एका टोकाला दाराच्या खुंटीचं गोल भोक दिसेल, ते दुकान. खाचेत उभ्या फळ्या एकेक करून सरकवायच्या, शेवटची जागा दाराची. जुन्या पेठांतली फळ्यांची दुकानं आई-बाबांनी पाहिली असतील, त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. खाच नसलेला अरुंद उंबरठा आणि आत लगेच जिना, तो वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचा. एकदा हे कळलं की उजाड वाटणाऱ्या गल्लीत दुकान, जिना, दुकान, जिना अशी ओळ आपोआप वाचता येते.

भिंतीही अशाच वाचायच्या. तिरप्या चौकोनी दगडांची जाळी म्हणजे जुनं काम, साधारण पहिल्या शतकापर्यंतचं. सलग लाल वीट ही मुख्यतः दुसऱ्या शतकाची, ओस्तियाच्या भरभराटीच्या काळाची. विटेचा एक थर आणि दगडाचा एक थर असं आलटून पालटून असेल तर बहुधा उतरत्या काळातलं. तुटलेल्या कडेला वाकून बघा: वीट त्रिकोणी कापलेली असते, सपाट बाजू बाहेर आणि टोक आत काँक्रीटच्या गाभ्यात रुतलेलं. त्या दातांमुळे दर्शनी थर सुटत नाही. काही ठिकाणी मात्र आधुनिक डागडुजी आहे. १९४२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी १९३८ पासून इथे घाईने प्रचंड भाग उकरला गेला आणि भिंती लगोलग सावरल्या गेल्या. प्रदर्शन युद्धामुळे झालंच नाही.

व्हिया देई मोलीनीवरच्या भटारखान्यात कंबरेएवढी बेसाल्टची जाती आहेत, ती जनावरं फिरवत. त्यांचे खूर रुतू नयेत म्हणून जमिनीलाही दगड घातलेत. जवळच थर्मोपोलियम, म्हणजे खाणावळ: संगमरवरी कट्टा, खाली भांडी विसळायची हौदी, मागे मांडणी आणि तिच्या वर पदार्थांचं रंगवलेलं चित्र. त्याच भागात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले पस्तीसेक रांजण आहेत, तेल किंवा दारूचे. एकेकात हजारेक लिटर माल मावे. काहींच्या तोंडाशी कोरलेले आकडे शोधा, ते मापाचे आहेत.

शेवटी शहराच्या मुख्य चौकातलं, सम्राट हेड्रियनच्या काळातलं विटांचं उंच मंदिर बाहेरून बघा. मग शेजारच्या गल्लीतलं सार्वजनिक शौचालय, मुलं असतील तर त्यांना हेच लक्षात राहतं. संगमरवरी बाकांवर ओळीने भोकं, मध्ये आडोसा अजिबात नाही.

इथपर्यंत तीन तास होतील. संग्रहालयाजवळच्या उपाहारगृहात बसा आणि आई-बाबांचा अंदाज घ्या. दम असेल तरच पुढे समुद्राच्या दिशेला टोकाला सिनॅगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, १९६१ मध्ये विमानतळाचा रस्ता करताना सापडलेलं, युरोपातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. जाऊन-येऊन तासभर लागेल. वाटेत सावली कमी, बसायला जागा जवळपास नाही. तुम्ही एकटे जाऊन या आणि त्यांना पाइनच्या सावलीत बसवा, तेही चालेल. फक्त भेटायची जागा नक्की सांगून ठेवा. फाटकाच्या बाजूच्या गल्ल्या सगळ्या सारख्याच दिसतात, 'विटांच्या भिंतीपाशी थांबा' म्हणून भागणार नाही.