युद्धकाळात बौद्ध संघटनांनी परकीय सत्तेला साथ दिली, हे खरं आहे का?

हो, दिली. अहिंसा सांगणाऱ्यांच्या हातून हे घडलंच कसं आणि त्या भिक्खूंना सरळ गद्दार म्हणावं का, असंही तुम्ही विचारलंय. मी बौद्ध घरात वाढलो आणि नोकरीनिमित्त दोन वर्षं दक्षिण कोरियात राहिलो. हे प्रश्न तिथे मलाही छळायचे, म्हणून तिथलंच, जपानी राजवटीखालच्या कोरियाचं, सांगतो.

नुसती युद्धाची वर्षं बघितली तर सगळे गद्दारच दिसतात. थोडं मागे जायला हवं. जोसन या कोरियाच्या जुन्या राजघराण्याच्या राजवटीत भिक्खूंना राजधानीत पाऊल ठेवायला मनाई होती. ती १८९५ मध्ये उठली, आणि त्यासाठी अर्ज केला होता सानो झेनरेई या जपानी भिक्खूने. आपल्याच राजाने वेशीबाहेर ठेवलेल्यांना परक्याने आत आणलं! वेशीबाहेर राहणं म्हणजे काय, हे माझ्या आजोबांच्या पिढीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या भिक्खूंची कृतज्ञता मला समजते.

पण त्या उपकाराची किंमत लवकरच मोजावी लागली. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळला आणि त्याच वर्षी यी होए-ग्वांग या वजनदार भिक्खूने जपानच्या सोतो झेन पंथाशी विलीनीकरणाचा करार केला. हान योंग-उन हे भिक्खू आणि त्यांच्या सोबत्यांनी तो हाणून पाडला. मग १९११ चा विहार कायदा आला. मोठ्या विहारांचे प्रमुख गव्हर्नर-जनरलच्या, म्हणजे कोरियातल्या जपानच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या, मंजुरीशिवाय नेमता येईनात, विहाराची जमीनही त्याच्या परवानगीशिवाय विकता येईना. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. ज्याची खुर्ची सरकारच्या सहीवर टिकून आहे, तो युद्धाची वर्गणी मागायला आलेल्या सरकारला नाही म्हणणार कसा?

१९३७ मध्ये जपानचं चीनशी युद्ध पेटल्यावर तेच झालं. विहारांमध्ये जपानच्या विजयासाठी प्रार्थना झाल्या, लढाऊ विमानांसाठी पैसे गोळा झाले. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या जोग्ये संघाचे, म्हणजे कोरियन बौद्धांच्या मध्यवर्ती संघटनेचे, मुख्य कारभारी होते यी जोंग-उक. हा माणूस १९१९ च्या स्वातंत्र्य चळवळीत होता, जपानविरोधी कोरियन नेत्यांनी शांघायमध्ये उभारलेल्या हंगामी सरकारसाठीही त्याने काम केलं होतं. आणि विमानांची वर्गणीही त्यानेच उभी केली. मरणोत्तर त्याला स्वातंत्र्यसैनिकाचा सन्मान मिळाला, पुढे तो रद्दही झाला. यी होए-ग्वांगला मी गद्दार म्हणेन. यी जोंग-उकच्या बाबतीत मात्र माझी जीभ अडखळते.

तरीही "दुसरा इलाजच नव्हता" हे मला मान्य नाही. १९३७ मध्ये गव्हर्नर-जनरल मिनामीने विहारप्रमुखांना बोलावलं होतं. त्या भर बैठकीत मानगोंग या भिक्खूने त्याला तोंडावर सुनावलं, की कोरियाचा धम्म बिघडवणारा पहिला गव्हर्नर-जनरल तेराउची नरकात गेला असेल. हान योंग-उन यांनी १९१९ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली, तुरुंग भोगला. पुढे सोलमध्ये घर बांधलं तेही उत्तरेला तोंड करून, गव्हर्नर-जनरलची इमारत नजरेस पडू नये म्हणून. १९४४ मध्ये ते गेले, स्वातंत्र्याला वर्षभर उरलं होतं.

आता याच हान यांनी १९१० मध्ये भिक्खूंना लग्नाची मुभा द्यावी असा अर्ज जपानी अधिकाऱ्यांकडे केला होता. त्यांच्या मनात धर्मसुधारणा होती. पण जपानी भिक्खू लग्न करत, म्हणून १९५४ मध्ये दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांनी विवाहित भिक्खूंना "जपानी वळणाचे" ठरवून विहार सोडायला सांगितलं. पुढे कित्येक वर्षं विहारांच्या ताब्यासाठी मारामाऱ्या आणि कोर्टकचेऱ्या चालल्या. युद्धात कोण कसं वागलं हे तपासण्याऐवजी कुणाला बायको आहे हे बघितलं गेलं. हा मला मोठा अन्याय वाटतो.

कोरियाला गेलात तर गुनसानचं दोंगगुकसा जरूर बघा. सोतो पंथाने बांधलेलं, उंच उतरत्या छपराचं जपानी विहार आहे ते, आता कोरियन भिक्खूंच्या हाती. सोतो पंथाने १९९२ मध्ये आपल्या युद्धकाळातल्या वागणुकीबद्दल लेखी माफी मागितली होती. तिच्यातला मजकूर कोरलेली शिळा २०१२ मध्ये त्याच आवारात उभी केली, जपानी भिक्खूंच्या पुढाकाराने. मी गेलो तेव्हा एक आजीबाई तिच्यासमोर उभ्या राहून एकेक ओळ बोटाने दाखवत नातवाला वाचून दाखवत होत्या.