ट्यूमरच्या स्कॅनवरचे बिंदू आणि अकरावीचे गणित

सांगलीहून एका पालकांनी लिहिले आहे : ‘माझ्या बहिणीच्या मेंदूतील गाठीच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी एमआरआयवर खुणेचे बिंदू ठेवून आम्हाला समजावले. तेव्हापासून मुलीने याच कामाचा ध्यास घेतला आहे. ती यंदा अकरावी विज्ञानला जात आहे आणि नीटच्या क्लासचे सर गणित सोडायला सांगतात. सोडावे का? शिवाय हे काम आता संगणकच करणार असेल, तर तिच्यासाठी काय उरणार?’

सप्रेम नमस्कार,

गणित सोडू देऊ नये, हे माझे मत आधीच सांगून टाकतो.

मेंदूच्या स्कॅनवर दिशा आणि अंतरे ठरवताना ‘अँटिरियर कमिशर’ आणि ‘पोस्टिरियर कमिशर’ या मध्यरेषेवरील, एकमेकींपासून सुमारे अडीच सेंटिमीटरवर असलेल्या दोन लहान रचनांचा आधार घेतात. फ्रेंच न्यूरोसर्जन जाँ तालेराक यांनी मेंदूच्या नकाशाची मांडणी याच दोहोंना जोडणाऱ्या रेषेवर बेतली होती. निरोगी मेंदूत हे बिंदू शोधणे संगणकाला बऱ्यापैकी साधते. ट्यूमरच्या रुग्णात मात्र गाठ आणि भोवतालची सूज मध्यरेषेलाच एका बाजूला ढकलते, द्रवाने भरलेल्या पोकळ्या चेपल्या जातात, आणि गाठ काढल्यावर तर पहिल्या स्कॅनमधील काही बिंदूंना दुसऱ्या स्कॅनमध्ये जोडच सापडत नाही. ग्लायोमाच्या (मेंदूतील एका प्रकारच्या गाठीच्या) रुग्णांचे शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि नंतरचे स्कॅन जुळवण्यासाठी २०२२ मध्ये ‘ब्राट्स-रेज’ ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा संगणकाची अचूकता पारखली गेली ती तज्ज्ञांनी दोन्ही स्कॅनवर हाताने ठेवलेल्या बिंदूंवरच. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला त्यातच दिसते.

मुलीचा ध्यास किती खरा आहे, हे घरीच पाहता येईल. ‘थ्रीडी स्लायसर’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे. त्यात सरावासाठी निरोगी मेंदूचे आणि ट्यूमरचेही स्कॅन मिळतात. तिने अँटिरियर कमिशरवर बिंदू ठेवून त्याचे तीन निर्देशक वहीत लिहावेत आणि पुढच्या रविवारी वही न उघडता तोच बिंदू पुन्हा ठेवावा. दोहोंतील अंतर काढायला दहावीच्या निर्देशक भूमितीतील सूत्रच लागते, फक्त एक अक्ष वाढतो. हे अंतर दोन-तीन मिलिमीटर भरले आणि ‘असे का झाले?’ म्हणून ती तिसऱ्यांदा बसली, तर मुलगी या कामाची आहे असे मी समजेन. पुढे दोन स्कॅन एकमेकांवर बसवताना मॅट्रिक्स आणि कलनशास्त्र येते. म्हणून गणिताचा एवढा आग्रह.

वाटा दोन आहेत. नीट देऊन साडेपाच वर्षांचे एमबीबीएस आणि नंतर रेडिओलॉजीत तीन वर्षांचे एमडी, ही पहिली. दुसरी, एमएचटी-सीईटीच्या गणित गटातून बायोमेडिकल किंवा संगणक अभियांत्रिकी, मग गेट परीक्षा (२०२० पासून तिच्यात बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे) आणि एमटेक. अकरावीला गणित व जीवशास्त्र दोन्ही घेतल्यास यांपैकी कोणतीही वाट आज बंद करावी लागत नाही. अभ्यासाचा भार वाढेल, हे क्लासच्या सरांचे म्हणणे खोटे नाही.

एक विनंती : सराव सॉफ्टवेअरमधील नमुन्यांवरच होऊ द्यावा, आत्याच्या स्कॅनवर नको. सोळा वर्षांच्या मुलीने ठेवलेला चुकीचा बिंदू वहीत राहिला तर बिघडत नाही. तोच जेवणाच्या ताटावर चर्चेला आला, तर आपल्या बहिणीची झोप उडेल.