जुन्या 486 पीसीची 120 एमबी डिस्क सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्डवर उतरवली पण मशीन बूट होत नाही, काय करावं?

तुमचा प्रश्न असा आहे की डॉस 6.22 आणि विंडोज 3.1 असलेली जुनी डिस्क तुम्ही लिनक्स मशीनला जोडून डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने जशीच्या तशी 4 जीबीच्या सीएफ कार्डवर उतरवली, कार्ड नव्या मशीनवर नीट वाचता येतं, पण 486 मध्ये लावलं की 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टम' येतं. तर कार्ड खराब नाही आणि कॉपीही चुकलेली नाही. उलट कॉपी तंतोतंत झाली हाच घोळ आहे.

त्या काळचा बूट कोड डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड, सेक्टर अशा पत्त्याने शोधतो. समजा तुमच्या जुन्या डिस्कला एका ट्रॅकवर 39 सेक्टर होते, तर पार्टिशन 39 नंबरच्या सेक्टरपासून सुरू होतं आणि पार्टिशन टेबलात त्याचा पत्ता सिलिंडर 0, हेड 1, सेक्टर 1 असा लिहिलेला असतो. आता बायोस (मशीन सुरू होताना चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) कार्डला 63 सेक्टरवालं समजतो, त्यामुळे तोच पत्ता 63 नंबरच्या सेक्टरवर जाऊन पडतो, तिथे बूट सेक्टर नसतोच, आणि मशीन तो मेसेज देऊन थांबतं. लिनक्स सरळ सेक्टर नंबर वाचतं म्हणून त्याला काही अडत नाही.

म्हणून माझं ठाम मत, इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) नव्या मशीनवर घ्या पण पार्टिशन आणि फॉरमॅट जुन्याच मशीनवर करा.

इमेज तुमच्याकडे आहेच, पण डिस्क आवाज करत असेल किंवा मध्ये रीड एरर आले असतील तर डीडीऐवजी डीडीरेस्क्यूने मॅप फाइल देऊन परत घ्या, ते आधी चांगला भाग काढून घेतं आणि खराब सेक्टरच्या मागे नंतर लागतं, मरायला टेकलेल्या डिस्कसाठी हा क्रम फार महत्त्वाचा. बाकी कोणी वाचत असेल तर, इतक्या जुन्या डिस्क यूएसबी ॲडॉप्टरवर बऱ्याचदा दिसतच नाहीत कारण त्यांना एलबीए (सरळ सेक्टर नंबरने पत्ता देण्याची पद्धत) येत नाही, आयडीई पोर्ट असलेला मदरबोर्डच लागतो.

मग कार्ड 486 मध्ये लावा, बायोसमध्ये ऑटो डिटेक्ट करा आणि जे सिलिंडर-हेड-सेक्टरचे आकडे येतील ते कागदावर लिहून केसच्या आत चिकटवून ठेवा, कारण सीमॉसची (बायोसची सेटिंग्ज जपणाऱ्या मेमरीची) बॅटरी गेली आणि पुढे आकडे वेगळे भरले गेले की परत हेच रडगाणं. 1024 सिलिंडर, 16 हेड, 63 सेक्टर याच्या वर जुना बायोस जात नाही, म्हणजे 504 एमबीच दिसेल. तुमच्या 120 एमबीसाठी ते भरपूर आहे, उरलेलं कार्ड वाया गेलं तर जाऊ दे. सगळं वापरायचंच असेल तर आयएसए नेटवर्क कार्डच्या रॉम सॉकेटमध्ये एक्सटीआयडीई बायोस (मोठ्या डिस्क वापरू देणारा वेगळा बायोस) टाकतात, पण तरी डॉस 6.22 ला एक पार्टिशन 2 जीबीच्या पुढे नेता येत नाही, शिवाय 2 जीबीला क्लस्टर (फाइलला मिळणारा जागेचा सर्वात लहान तुकडा) 32 केबीचा होतो, म्हणजे एका ओळीची बॅच फाइलही 32 केबी खाते. 500 एमबीला तोच 8 केबी असतो.

आता 6.22 च्याच फ्लॉपीने बूट करा, एफडिस्कने प्रायमरी पार्टिशन करून ॲक्टिव्ह करा, बूट कोड नव्याने लिहायला एफडिस्क /एमबीआर चालवा, रीस्टार्ट करून फॉरमॅट सी: /एस द्या. फाइल्स टाकायच्या आधी हे झालंच पाहिजे कारण डॉसची आयओ.एसवायएस ही सिस्टम फाइल रूटमध्ये पहिली लागते. फ्लॉपी काढून नुसतं सी: वर बूट होतंय का बघा, झालं तरच पुढे जा.

फाइल्स मात्र लिनक्सवरूनच टाका. इमेज लूप माउंट करताना (डिस्कसारखी उघडताना) ऑफसेट, म्हणजे पार्टिशन कुठून सुरू होतं ते, द्यायचा, सुरुवातीचा सेक्टर गुणिले 512, म्हणजे 39 असेल तर 19968. कार्ड माउंट करताना टाइप एमएसडॉस द्या, व्हीफॅट नको, नाहीतर लांब नावांच्या एंट्र्या उगाच घुसतात. आयओ.एसवायएस, एमएसडॉस.एसवायएस आणि कमांड.कॉम सोडून बाकी सगळं कॉपी करा. डॉसमधूनच एक्सकॉपी करायचा मोह होईल पण 6.22 चा एक्सकॉपी हिडन आणि सिस्टम फाइल्स गुपचूप सोडून देतो, आणि डिस्कवर ड्राइव्हस्पेस (डिस्क कॉम्प्रेस करणारी डॉसची सोय) वापरलेलं असेल तर सगळा डेटा नेमका एका हिडन फाइलमध्येच असतो.

एक फाइल मुद्दाम सोडायची, 386एसपार्ट.पार. ती विंडोजची कायमची स्वॅप फाइल (मेमरी कमी पडली की वापरायची जागा), डिस्कवरच्या ठराविक जागेशी बांधलेली, कॉपी केली तर विंडोज सुरू होताना स्वॅप फाइल करप्ट आहे म्हणून ओरडतं. जुनी डिस्क अजून बूट होत असेल तर स्वॅप तिथेच बंद करून मग इमेज घेणं सगळ्यात बरं. नसेल होत तर, फाइल सोडूनही तो मेसेज आलाच तर डिलीट करायला हो म्हणा आणि कंट्रोल पॅनेलमध्ये 386 एन्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरी इथून नवी करून घ्या.