कानातून पाणी गळतंय, पण पू नाही

प्रश्न: डॉक्टरसाहेब, आम्ही परभणी जिल्ह्यातले. आई ५४ वर्षांची, अंगानं जाड. उजव्या कानाला दडे बसायचे, ऐकू कमी यायचं. डॉक्टर म्हणले पडद्यामागं पाणी साचलंय, पडद्यात बारीक नळी टाकली, आणि तेव्हापासून कान गळायचा थांबेचना. वास नाही, ठणका नाही, नुसतं पाणी, निंदायला वाकली की टपटप पडतं, सकाळी उशी ओली. ड्रॉप, गोळ्या सगळं झालं, आता आजी लसणाचं तेल घाला म्हणतीय. एकजण म्हणला हे मेंदूचं पाणी असंल, पण डोक्याला कधी मारच लागला नाही तर ते येईल कसं? आणि असंच गळत राहिलं तर संपेल का?

उत्तर: तेल आधी बाजूला ठेवा, कानात काहीच घालू नका. संपायची भीती सोडा, मेंदूचं पाणी म्हणजे मेंदूभोवती असणारा पातळ द्रव, तो अंगात रोज अर्धा लिटरच्या आसपास नवीन तयार होतो. पण तो एकजण बरोबर असू शकतो बरं का. मार न लागताही हे होतं, कानाच्या वर नि मेंदूच्या खाली हाडाचा पातळ थर असतो, वर्षानुवर्षं आतून दाब पडून तो जुन्या पत्र्यासारखा झिजतो नि भोक पडतं. बहुतेक पेशंट पन्नाशीच्या आसपासच्या, वजन जास्त असलेल्या बायाच असतात. आई घोरते का, हे तुम्ही लिहिलं नाही, ते बघा, कारण झोपेत श्वास अडकत असेल तरी आतला दाब वाढतो. नळीवाल्या डॉक्टरांवर राग काढू नका, पडद्याआडून हे पाणी नि साधं साचलेलं पाणी सारखंच दिसतं, नळीनं फक्त वाट मोकळी झाली.

आता अंदाज बांधत बसण्यापेक्षा स्वच्छ बाटलीत थोडं पाणी धरून बीटा-२ ट्रान्सफेरिन टेस्टला द्या, हे प्रथिन सापडलं तर पाणी मेंदूचं, सगळीकडे होत नाही, सॅम्पल मोठ्या लॅबला पाठवावं लागतं. पाणी मेंदूचंच निघालं तर कानाच्या हाडाचा सीटी स्कॅन नि एमआरआय. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात किंवा अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात कान-नाक-घशाच्या ओपीडीत आधी दाखवा.

घाई कशासाठी, तर ज्या भोकातून पाणी खाली येतं त्याच वाटेनं जंतू वर जातात. ताप, जोराचं डोकं दुखणं, मान आखडणं, उलट्या, बरळणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा.

मेंदूचं पाणी ठरलं तर उपाय बहुतेक ऑपरेशनच. कानामागून किंवा कानाच्या वरून जाऊन भोक बुजवतात, ठिगळ म्हणून कानशिलाच्या स्नायूवरचा पापुद्रा, कूर्चा किंवा हाड वापरतात. पण आतला दाब तसाच राहिला तर पुन्हा गळू शकतं, म्हणून डोळ्याचा पडदाही तपासून घ्या, वाढलेला दाब तिथं दिसतो, वजन नि घोरणं मनावर घ्या. वर जाणाऱ्या जंतूंपासून जपायला न्यूमोकोकलची, म्हणजे मेंदूज्वराच्या एका जंतूवरची लस विचारा.

तोवर निंदणी बंद, पाण्याच्या घागरी बंद, जोरात नाक शिंकरायचं नाही, संडासला कुंथायचं नाही. कानाला बाहेरून कापूस लावा, आत कोंबू नका.